उतारशाळेच्या रक्षकाचा हिशेब

वाचकहो, रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंडळी चर्चच्या आवारात थोडा वेळ रेंगाळतात. पावसापाण्याच्या, लग्नकार्याच्या गोष्टी होतात, मग कोणाच्या तरी आजारपणाचा विषय निघतो आणि ओघानेच रुग्णालयाच्या बिलाचा. अशा वेळी एक वाक्य हमखास कानी येते : "नावाला मिशनचे रुग्णालय, बिल मात्र सावकाराचे!" तुम्ही वसईला असा, नागपूरला असा, किंवा नोकरीनिमित्त बंगळुरूला वा दिल्लीला स्थायिक झालेले असा, हे वाक्य तुम्ही ऐकले असेल आणि खरे सांगायचे तर कधी ना कधी उच्चारलेही असेल. मीही ते उच्चारले आहे, आणि ते चर्चच्या आवारात नव्हे, थेट रुग्णालयाच्या कचेरीत.

त्याला काही वर्षे झाली. आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांना पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तालुक्याच्या गावी धर्मभगिनींच्या रुग्णालयात दाखल केले होते. गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. पण त्यांच्या मुलाची अशी समजूत की सिस्टर लोकांशी मास्तरांनी दोन शब्द बोलले तर काम हलके होईल, म्हणून घरी सोडण्याच्या दिवशी तो मला बरोबर घेऊन गेला. बिल झाले होते ४१,००० रुपये. त्यांच्याजवळ होते २६,०००. मुलगा खिडकीपाशी नोटा पुन्हा पुन्हा मोजत होता, जणू आणखी एकदा मोजल्याने त्या वाढणार होत्या. मला ते पाहवेना. मी तडक व्यवस्थापक सिस्टरांच्या खोलीत गेलो आणि काहीशा चढ्या आवाजात म्हणालो, "सिस्टर, हे येशूच्या नावाने चाललेले रुग्णालय ना?"

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बिलाची प्रत मागवली, ती माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "सर, यातले कोणते कलम खोडू ते तुम्हीच दाखवा." भूल देणाऱ्या डॉक्टरांचे मानधन, रक्ताच्या दोन पिशव्या, प्राणवायू, औषधे, टाके घालण्याचा दोरा, सहा दिवसांची खाट. माझी पेन्सिल कागदावरून वरखाली फिरली आणि थांबली. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझे कलम शोधत असाल तर ते यात नाही. आम्हा सिस्टरांना पगार नसतो. ते आधीच खोडलेले आहे."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, आणि आज तो तुमच्यापुढे ठेवावा असे वाटते. आजाऱ्याची शुश्रूषा करून तिचे मोल घ्यावे काय? घेतले तर ती शुश्रूषा ख्रिस्ती उरते काय? आणि घेऊ नये म्हटले, तर ते मोल कोणी द्यायचे? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांवर आपण मोठ्या हिरिरीने बोलतो. तिसऱ्यापाशी आलो की आपल्याला घरच्या कामांची आठवण होते.

रुग्णसेवेचा विषय निघाला की चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील या दाखल्यावर मी आयुष्यात किती प्रवचने ऐकली असतील याची गणती नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो वाटसरू, त्याला लुटणारे चोर, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा तो परका शोमरोनी, या सर्वांवर मी प्रवचने ऐकली आहेत. एका उत्साही तरुण धर्मगुरूंनी तर एकदा शोमरोन्याच्या जनावरावरही चार वाक्ये सांगितली होती. परंतु या दाखल्यात आणखी एक मनुष्य आहे आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

त्याचा भाग लहान आहे, पण नीट वाचला तर विचार करायला लावणारा आहे. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत आणतो, ती रात्र त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. जाताना तो रक्षकाला दोन दीनार देतो, याची काळजी घे म्हणून सांगतो आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द देतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एक तोंडी आश्वासन एवढ्यावर रक्षकाने एक अर्धमेला अनोळखी माणूस आपल्या घरात ठेवून घेतला. शोमरोन्याने तो एक रात्र सांभाळला. पुढच्या रात्री, ताप चढल्यावर, जखमा चिघळल्यावर, तो कण्हत असताना उशाशी दिवा घेऊन कोण बसले असेल? शुभवर्तमान सांगत नाही. पण शोमरोनी बसला नव्हता एवढे निश्चित.

मूळ ग्रीक भाषेत येथे उतारशाळेसाठी जो शब्द आहे, 'पांदोखेयॉन', त्याचा धात्वर्थ 'सर्वांना घेणारी जागा' असा होतो. बेथलेहेमात ज्या उतारशाळेत पवित्र मरियेला आणि योसेफाला जागा मिळाली नाही, तिच्यासाठी संत लूकने वेगळा शब्द वापरला आहे. आपल्या परिचयाच्या मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी 'उतारशाळा' हाच शब्द असल्याने हा भेद नजरेआड होतो. एक उतारशाळा भरलेली होती. दुसरी सर्वांना घेणारी होती. पण ती फुकट नव्हती, हेही प्रभूने आपल्याला सांगितले आहे. दाखल्यात पैसे आहेत. प्रभू येशूने ते लपवले नाहीत. किती दिले तो आकडाही सांगितला.

माझे म्हणणे एवढेच आहे, वाचकहो, की आपण रुग्णालयाला शोमरोनी समजतो आणि तेथेच आपली चूक होते. रुग्णालय ही उतारशाळा आहे.

यावर कोणी म्हणेल, हा तर रुग्णालयांना सोडवण्याचा सोपा मार्ग झाला. तसे नाही. उतारशाळेच्या रक्षकाची कर्तव्ये कमी कडक नाहीत. त्यांकडे मी येणारच आहे. त्याआधी थोडे मागे वळून पाहू, कारण ख्रिस्तसभेच्या इतिहासात उतारशाळा पुष्कळ झाल्या आणि प्रत्येकीचे दीनार कोठून ना कोठून आले होते.

चौथ्या शतकात, आज तुर्कस्तानात असलेल्या कैसरिया नगरात, संत बासिल महागुरुस्वामी होते. तेथे मोठा दुष्काळ पडून गेला होता. त्या सुमारास, साधारण ३७२ साली, त्यांनी नगराबाहेर आजारी, कुष्ठरोगी, निराश्रित आणि वाटसरू यांच्यासाठी इमारतींचा एक समूहच उभा केला. त्यांचे मित्र नाझियांझचे संत ग्रेगरी यांना ते नवे नगरच भासले. ख्रिस्ती रुग्णालयाचा आरंभ बहुधा येथूनच सांगतात. बासिल श्रीमंत घराण्यातले होते, आपली संपत्ती त्यांनी वाटून टाकली होती, आणि धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या धनिकांवर त्यांनी केलेली प्रवचने आजही वाचताना चटका बसतो. त्यांच्या उतारशाळेमागे त्यांचे स्वतःचे घर होते आणि ज्यांना त्यांनी झोपू दिले नाही अशा नगरवासीयांचा पैसाही होता.

आता आपल्या जवळचे उदाहरण घ्या. आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा जिंकल्यावर तेथे राजाचे रुग्णालय सुरू झाले. पुढे त्याचा कारभार येशूसंघीयांकडे आला. पिरार्द द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला होता. त्याने केलेले वर्णन वाचून थक्क व्हायला होते : प्रशस्त दालने, स्वच्छ बिछाने, रुग्णांना जेवणासाठी उंची भांडी, दोन्ही वेळा डॉक्टरांची फेरी. जगातील अत्यंत सुंदर रुग्णालयांत त्याने याची गणना केली. परंतु ते रुग्णालय पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. त्याच गोव्याच्या मातीत जन्मलेल्या माणसाला, तो बाप्तिस्मा घेतलेला असला तरी, त्या दालनांत खाट नव्हती. त्याच्यासाठी निराळी आणि साधी व्यवस्था होती. पैसा राजाचा होता आणि राजाला आपले सैनिक जगवायचे होते. सेवा करणारे सेवाभावी होते यात मला शंका नाही. पण खाटेवर कोण निजणार हे तिजोरीने ठरवले होते. आणि ती तिजोरी आटली तेव्हा, काही दशकांनी आलेल्या ताव्हर्निये या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाला तेच रुग्णालय दुरवस्थेत दिसले.

गोव्याचे हे उदाहरण मला फार अस्वस्थ करते. आजच्या एखाद्या चकचकीत रुग्णालयात, दारावर क्रूस आणि आत वातानुकूलित खोल्या पाहिल्या, की ती उंची भांडी माझ्या डोळ्यांपुढे येतात.

आणखी तीनशे वर्षांनी हिंदुस्थानात निराळ्याच प्रकारचे दीनार आले, आणि ते आणले स्त्रियांनी. अॅग्नेस मॅकलॅरेन या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी साठी ओलांडल्यावर, आज पाकिस्तानात असलेल्या रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहावे म्हणून खटपट केली. ते १९०९ साली सुरू झाले. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. बाळंतपणात मरत, पण दाखवीत नसत. धर्मभगिनी हे काम करू शकल्या असत्या, परंतु व्रतस्थांनी वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचे काम करू नये असा ख्रिस्तसभेचाच दंडक होता. मॅकलॅरेनबाईंनी रोमला वारंवार अर्ज केले. त्या १९१३ साली वारल्या. दंडक उठलेला पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

परंतु त्यांच्यावरील एक पुस्तिका १९१५ साली ऑस्ट्रेलियात मेरी ग्लॉरी नावाच्या तरुण डॉक्टर स्त्रीच्या हाती पडली. मेलबर्नमधली चांगली चाललेली वैद्यकी सोडून त्या १९२० साली आंध्रातील गुंटूर येथे आल्या, येशू-मरिया-योसेफ संघात दाखल झाल्या आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने धर्मभगिनी असूनही डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. त्याच १९२० साली मॅकलॅरेनबाईंशी पत्रव्यवहार असलेली दुसरी एक तरुण डॉक्टर, ऑस्ट्रियाच्या आना डेंगल, रावळपिंडीला पोहोचल्या होत्या. पुढे १९२५ साली त्यांनी वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने दंडक शिथिल केला, आणि त्यानंतर आपल्या देशात धर्मभगिनींच्या रुग्णालयांचे जाळे वेगाने पसरले. गुंटूर येथेच १९४३ साली, सिस्टर मेरी ग्लॉरी आणि इतर पंधरा भगिनींनी मिळून कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना उभारली. एक कॅथॉलिक वैद्यकीय महाविद्यालय असावे हे या सिस्टरांचे स्वप्न १९६३ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या रूपाने साकार झाले. ते पाहायला त्याही नव्हत्या, १९५७ सालीच त्यांचे निधन झाले होते. एकीने बी पेरावे, दुसरीने पाणी घालावे आणि सावलीत तिसरीने बसावे, असा या बायकांचा इतिहास आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत तो यावा तितका आलेला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या रुग्णालयांचे दीनार कोठून येत होते? काही युरोप-अमेरिकेतील साध्यासुध्या धर्मग्रामांतून, दानपेटीत नाणी टाकणाऱ्या गृहिणींकडून. पण खरी मोठी रक्कम कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही. ती म्हणजे भगिनींचे बिनपगारी आयुष्य. ज्या रुग्णालयात डॉक्टर सिस्टर, परिचारिका सिस्टर, औषधे देणारी सिस्टर, स्वयंपाकघर पाहणारी सिस्टर आणि हिशेब लिहिणारीही सिस्टर, त्याचे बिल थोडके असणारच. आपल्या आजीच्या बाळंतपणाचे बिल जुन्या ट्रंकेत सापडले म्हणून आपण ते हसत हसत दाखवतो. त्या कागदावर जे दिसत नाही ते असे, की उरलेले सगळे बिल कोण्या एका सिस्टरने आपल्या तारुण्याने भरले होते.

आता ती व्यवस्था उरली नाही. संघांमध्ये प्रवेश करणाऱ्या मुली कमी झाल्या. त्याची कारणे निराळी आहेत आणि ती सर्वच वाईट नाहीत. परदेशी देणग्यांवरील कायदा २०१० साली नव्याने आला आणि २०२० साली तो आणखी कडक झाला. यंत्रे महागली. आणि परिचारिका आता पगारी आहेत.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबावेसे वाटते. केरळात २०११-१२ साली आणि पुन्हा २०१७ साली खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनी मोठी आंदोलने केली. तुटपुंजे वेतन आणि लांबलचक पाळ्या ही त्यांची गाऱ्हाणी होती. ज्या रुग्णालयांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या त्यांत ख्रिस्ती संस्थांची रुग्णालयेही होती, आणि आंदोलन करणाऱ्यांत ख्रिस्ती मुली पुष्कळ होत्या. शेवटी २०१८ साली शासनाने त्यांच्यासाठी किमान वेतन २०,००० रुपये ठरवून दिले. संत याकोबाच्या पत्रात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असे म्हटले आहे; त्या वर्षांत ती ओरड आपल्याच भिंतींच्या आतून येत होती. काही चांगली, भाविक माणसे तेव्हा म्हणाली, की परिचारिकांना एवढा पगार दिला तर गरिबांना स्वस्त उपचार कसे द्यायचे? मला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. सिस्टरने आपले आयुष्य दिले ते तिने स्वतः दिले. कर्ज काढून शिकलेल्या, घरी आईबाप आणि धाकटी भावंडे असलेल्या मुलीच्या खिशातून दान काढून ते आपल्या नावावर जमा करणे याला दया म्हणत नाहीत. शोमरोन्याने दोन दीनार आपल्या कमरेच्या कशातून काढले; उतारशाळेतल्या मोलकरणीच्या नव्हे.

मग गरिबाचे काय? आपल्या महाराष्ट्रात याला कायद्याने एक उत्तर दिले आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ ककखाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. योजना चांगली आहे. ती अनेकांना ठाऊक नसते म्हणून येथे मुद्दाम तपशिलाने सांगितली. पण त्या १० टक्क्यांचा आकडा पाहिला की मला दशांश आठवतो, आणि दशांश आठवला की पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश चोख मोजून देणारे परूशी आठवतात. प्रभूने त्यांच्या मोजण्याला दोष दिला नाही. मोजून झाल्यावर दया राहून गेली, याला दिला. अकराव्या गरीब रुग्णाला 'कोटा भरला' असे उत्तर देणारे रुग्णालय कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असते.

शिवाय गरिबी सिद्ध करावी लागते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, नाहीतर पिवळी शिधापत्रिका हवी. शोमरोन्याने जखमी माणसाकडे दाखला मागितला नव्हता, असे आपण लगेच म्हणतो. खरे आहे. पण शोमरोन्यापुढे एक माणूस होता. रक्षकाच्या दारात रोज रांग असते. अंगठ्या घातलेल्या हाताने पिवळी शिधापत्रिका पुढे करणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापायी खरा गरजू मागे लोटला जातो. रक्षकाने कागद पाहिले नाहीत तर लबाड खाट पटकावतो. कागदच पाहिले तर माझे शेजारी बाहेर राहतात. त्यांच्या सात-बारावर जमीन होती. सात-बारावर पीक कोणते ते लिहितात, त्यातून हाती काय आले ते लिहीत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते निर्धन नव्हते, दुर्बल घटकातही बसत नव्हते. पण १५,००० रुपये त्यांच्यापाशी नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी होती. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय अडकलेल्या अशा माणसांची संख्या आपल्या देशात फार मोठी आहे. त्यांच्यासाठी कलम नाही.

येथे मी उतारशाळेच्या रक्षकाला विचारतो, कारण त्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तू दोन दीनार घेतलेस, पण त्यांचा हिशेब उघडा ठेवलास काय? गरज नसताना तपासण्या लिहून देतोस काय? रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याचा वाटा पोहोचवतोस काय? ज्याला आपल्याकडे सर्रास 'कट प्रॅक्टिस' म्हणतात तो व्यवहार क्रूसाच्या छायेत चालत असेल, तर तो दरवडेखोरांशी केलेला भागीदारीचा करार आहे. यरीहोच्या वाटेवर माणसाला लुटणारे आणि त्याला आत घेणारे एकच झाले. बिलासाठी रुग्णाला, किंवा देव न करो, मृतदेहाला अडकवून ठेवतोस काय? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. ते आयोगाने सांगावे लागले याचीच आपल्याला लाज वाटायला हवी होती. आणि जेथे कोणी जात नाही तेथे तू जातोस काय? सेंट जॉन्समधून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांना दोन वर्षे वैद्यकीय सोयी नसलेल्या ग्रामीण भागात काम करण्याचे बंधन असते. कोणाला ते ओझे वाटत असेल. पण शहराशहरांत रुग्णालये वाढत असताना, खाजगी कॅथॉलिक संस्थेने समाजात वेगळे काय करायचे याचे उत्तर त्या बंधनात आहे.

आता तुमच्याकडे आणि माझ्याकडे येतो. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला तुमच्यापैकी बरेचजण गेले असतील. सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास, डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या कडेला मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकायला असतात. ज्याचा जो अवयव दुखतो त्याने तो मातेच्या चरणी वाहायचा. ख्रिस्ती, हिंदू, पारशी, सगळेच वाहतात. या देवालयाच्या जवळच शांती आवेदना सदन आहे. दुखणे बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करोग्यांना शेवटचे दिवस वेदनेविना काढता यावेत म्हणून १९८६ साली ते सुरू झाले. आपल्या देशातील अशा प्रकारची ती पहिली संस्था. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या. तेथे जातधर्म विचारीत नाहीत आणि बिल देत नाहीत. ते देणाऱ्यांवर चालते. जेथून मेणाचा पाय घेऊन माणूस डोंगर चढतो, तेथून ते सदन काही पावलांवर आहे. मेण वाहणे चूक आहे असे मी म्हणत नाही. माझ्या आईने माझ्यासाठी वाहिले होते. पण देवालयाकडे जाणारी गर्दी आणि सदनाकडे वळणारी पावले यांची तुलना मनात येतेच.

रुग्णालय असे पूर्णपणे बिनपैशाचे चालवता येत नाही, हे मला कळते. तेथे शस्त्रक्रियागृह असते, अतिदक्षता विभाग असतो, रात्री दोनला येणारा अपघात असतो. पण सदन चालते म्हणजे शोमरोनी अजून आहेत. ते आपल्या धर्मग्रामात का दिसत नाहीत? आपण सणाच्या बॅण्डसाठी, मंडपासाठी, वेदीवरच्या नव्या झुंबरासाठी वर्गणी काढतो. लग्नात एका संध्याकाळी जे उडते त्यात अशी चार बिले भागली असती. पहिल्या पवित्र कम्युनियनच्या मेजवान्या आता सभागृहे घेऊन होतात. आपल्याच धर्मप्रांताच्या रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी निधी आहे काय, असल्यास त्यात गेल्या वर्षी किती जमा झाले, हे तुमच्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मला तरी त्या दिवसापर्यंत सांगता आले नव्हते. परदेशातल्या अनोळखी गृहिणींनी नाणी टाकली तेव्हा आपण घेणारे होतो. आपले दिवस पालटले, मुले परदेशी गेली, बंगले उभे राहिले, तरी आपण अजून घेणारेच आहोत असे आपल्याला वाटते. म्हणून बिल पाहिले की राग येतो.

सिस्टरांच्या खोलीत मी पेन्सिल टेबलावर ठेवली. त्यांनी खाटेचे भाडे आणि शस्त्रक्रियागृहाचा आकार मिळून ७,००० रुपये स्वतःच्या अखत्यारीत कमी केले, तसे सहीनिशी लिहिले आणि उरलेल्या आठ हजारांपुढे काहीच लिहिले नाही. मी बोलून तर बसलो होतो. त्या आठवड्यात माझे निवृत्तिवेतन जमा झाले होते. मी दोन हजार रुपये भरले. घरी पोहोचेपर्यंत मला स्वतःचे कौतुकही वाटत होते. रात्री जेवताना ते उतरले, कारण दोन दिवसांच्या मजुरीहून ते फारसे अधिक नव्हते, आणि याहून अधिक लागले तर परत येताना फेडीन असे मी काही म्हणालो नव्हतो.

तीन-चार महिन्यांनी, औषधाच्या निमित्ताने, मी पुन्हा त्या रुग्णालयात गेलो तेव्हा माझे शेजारी बिलाच्या खिडकीपाशी उभे होते. चांगले हिंडतेफिरते झाले होते. त्यांच्या पायाशी एक पिशवी होती आणि आत वाल. राहिलेल्या पैशांपैकी हे आता घ्या, बाकीचे पुढच्या हंगामात, असे ते त्या मुलीला समजावीत होते. ती संगणकावर कोणते खाते उघडावे या विवंचनेत होती. वालासाठी त्यात जागा नव्हती. शेवटी सिस्टर बाहेर आल्या, पिशवी हाताने तोलून पाहिली, ती स्वयंपाकघरात पाठवली आणि मुलीला म्हणाल्या, "पावती दे बाबांना." तिने जुने पावतीपुस्तक शोधून काढले. नाव लिहिले, तारीख घातली, 'कशाबद्दल' या शब्दापुढे 'दोन पायली वाल' असे लिहिले, आणि रकमेची चौकट मोकळी सोडून पावती फाडून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोनदा घडी घालून टोपीत ठेवली.